ब्रेकसाठी वेगळा क्यू घ्यायचा का? माझं मत : आपल्यासारख्यांना गरज नाही

डिचोलीवाला

चार वर्षं म्हापशाच्या एका पार्लरमध्ये एट-बॉल (पूलचा एक प्रकार) खेळतोय, आठवड्यातून दोनदा. आमच्या टोळक्यातल्या तिघांनी यंदा खास ब्रेकचा, म्हणजे रचलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या फटक्याचा, क्यू (काठी) घेतला. एकाने तर नऊ हजार मोजले. आता जो तो मला विचारतो, तू कधी घेणार? माझं उत्तर आहे, इतक्यात नाही. का, ते सविस्तर लिहितो.

ब्रेक क्यूची टिप (काठीच्या टोकाची टोपी) फिनॉलिक नावाच्या प्लास्टिकसारखी कडक असते. चामड्याची टिप व्हाइटला, म्हणजे काठीने मारायच्या पांढऱ्या बॉलला, लागताना दबते आणि थोडी ताकद तिथेच खाते, कडक टिप कमी खाते. हे सगळं मान्य. पण फरक किती पडतो? व्हाइट 170 ग्रॅमचा आणि क्यू 540 ग्रॅमचा धरून मी हिशोब केला. हाताचा वेग तोच ठेवला तर व्हाइटचा वेग जेमतेम सहा-सात टक्क्यांनी वाढतो. 18 औंसाचा क्यू सोडून 21 औंसाचा घेतला तर वाढ चार टक्क्यांच्याही आत, आणि तीही जड क्यू तितक्याच वेगाने फिरवता आला तरच.

उलट बाजू बघा. रॅकच्या (त्रिकोणात रचलेल्या बॉलांच्या) पुढच्या बॉलवर व्हाइट समोरासमोर न बसता पाव बॉल बाजूला लागला, म्हणजे फक्त 14 मिलिमीटर, तर तो स्वतःच्या वेगाचा पाव हिस्सा घेऊन आडवा सुटतो. कधी पॉकेटमध्ये जातो, कधी टेबलाबाहेर. आमच्याकडे आठवड्याला एकदा तरी व्हाइट फरशीवर आपटतो. क्यू वेगवान घेतला तर ही चूक दुरुस्त होत नाही, जोरात होते. आधी मध्यावर मारायला शिकावं असं मला मनापासून वाटतं.

वास्को_नाईन

हिशोब बरोबर आहे, पण तुम्ही चुकीची गोष्ट मोजलीत. ब्रेक क्यूचा फायदा ब्रेकमध्ये शोधू नका, दुसऱ्या शॉटपासून शोधा.

मी तीन वर्षं एकाच क्यूने खेळलो आणि त्यानेच ब्रेक मारला. मऊ टिप होती, 13 मिलिमीटरची. दीड-दोन महिन्यांत तिच्या कडा फेरूलच्या (टिपेखालच्या नळीच्या) बाहेर यायच्या, अळंबीसारख्या. वरचा भाग दगडासारखा घट्ट आणि चकचकीत व्हायचा. त्या चकाकीवर चॉक बसतच नाही, घासून घासून निळी पूड खाली पडते. मग व्हाइट मागे आणायला खाली मारलं की टिप सटकते आणि तो ‘टक्’ आवाज सगळ्या पार्लरला ऐकू जातो. पॉलिशपेपरने घासून आकार द्यायचा, कडा कापायच्या, दर वेळी चामडं कमी व्हायचं. नवी टिप लावली की पहिले आठ-दहा दिवस हात तिला ओळखत नाही.

ब्रेकला दुसरा क्यू घेतल्यापासून खेळायच्या क्यूची टिप आठ महिने तीच आहे. माझा खेळ यामुळेच सुधारला.

केपेकर

वास्कोकर बाब, टिपेबद्दल पूर्ण सहमत. पण त्यासाठी नऊ हजार कशाला? पार्लरच्या भिंतीला दहा क्यू लावलेले असतात. त्यातला एक उचला, ब्रेक मारा, परत ठेवा. तुमची टिप वाचली, पैसेही वाचले.

मी मुळात स्नूकरवाला. स्नूकरमध्ये एकच क्यू आयुष्यभर पुरतो, कारण तिथला ब्रेक फोडायचा नसतो. लाल बॉलांच्या गठ्ठ्याच्या कडेला हलका स्पर्श करून व्हाइट परत बॉकला, म्हणजे जिथून ब्रेक मारला त्या टोकाला, आणायचा असतो. पूलमध्ये फोडावंच लागतं, म्हणून दुसरी काठी लागते हे खरं. ती विकत घ्यावीच लागते हे पटत नाही.

वास्को_नाईन

केपेकर, मी तेही करून बसलोय. एका छोट्या स्पर्धेत उपांत्य सामना, निर्णायक फ्रेम, ब्रेक माझा. भिंतीवरचा क्यू घेतला. टेबलावर लोळवून पाहिला, थोडा डुगडुगला, म्हटलं ब्रेकपुरता चालेल. मारला आणि टिपच निखळली. कुणीतरी नुसत्या गोंदाने चिकटवली होती. व्हाइट रॅकपर्यंत गेला, पण एकही बॉल पॉट झाला नाही (पॉकेटमध्ये गेला नाही) आणि चार बॉल कुशनपर्यंतही पोचले नाहीत. ब्रेक बाद. समोरच्याने पुन्हा रॅक लावून स्वतः ब्रेक घेतला आणि आपले बॉल सलग पॉट करून टेबल साफ केलं. मी खुर्चीतून उठलोही नाही. ती टिप कोपऱ्यातल्या पॉकेटजवळ पडली होती, सामना संपेपर्यंत माझी नजर तिच्यावरच होती.

भिंतीवरचा क्यू आज एक, उद्या दुसरा. वजन वेगळं, जाडी वेगळी, वाक वेगळा. सवय कशाची लावायची?

म्हापशाची_मी

डिचोलीकर, मध्यावर मारायला आधी शिकावं हे बरोबर, पण त्यात क्यूचाही हात असतो आणि तो तुम्ही सोडून दिलात.

जोरात मारताना हात थोडा वाकडा जातोच. टिप व्हाइटच्या मध्यापासून बाजूला लागली की व्हाइट आपल्या सरळ रेषेतून किंचित दुसरीकडे सरकतो. किती सरकेल हे क्यूच्या पुढच्या टोकाच्या वजनावर ठरतं. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतले निवृत्त प्राध्यापक डेव्हिड अल्सियातोरे यांनी पूलमधल्या अशा भौतिकशास्त्रावर पुष्कळ लिहिलंय. मुद्दा असा, की प्रत्येक क्यूला एक अंतर असतं. डाव्या हाताचा ब्रिज (क्यूला दिलेला टेकू) व्हाइटपासून तेवढ्याच अंतरावर ठेवला तर मागचा हात वाकडा गेल्याची चूक आणि व्हाइटचं सरकणं एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. व्हाइट जिथे नेम होता तिथेच जातो. हल्ली खेळायला हलक्या टोकाचे क्यू घेतात, त्यांचं हे अंतर लांब. ब्रेकला आपण ब्रिज तेवढा लांब ठेवत नाही. ब्रेक क्यूचं टोक जड असतं, अंतर कमी, ते ब्रिजशी जुळवता येतं. माझा व्हाइट टेबलाबाहेर उडायचा थांबला तो यामुळे. वेग माझा अजूनही बेताचाच आहे. 18 औंसाचा क्यू घेतला, कारण जड क्यू खांद्याने ढकलावा लागतो आणि तिथेच रेषा जाते.

आणि आपल्याकडचा पावसाळा विसरू नका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जूनपासून टेबलाचं कापड ओल धरतं, बॉल जड पळतात, मार्चमध्ये छान उघडणारा रॅक जुलैत मधोमध गोळा होऊन बसतो. त्या दिवसांत सहा-सात टक्के मला तरी थोडे वाटत नाहीत. लाकडी क्यू भिंतीला टेकवून ठेवला तर गणपतीपर्यंत वाकतो. भिंतीवरच्या क्यूंचं काय होत असेल?

डिचोलीवाला

ताई, ब्रिजच्या अंतराचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. त्याबद्दल मनापासून आभार. टिपेबद्दल वास्कोकरांचंही मान्य करतो. पण पावसाळ्यात रॅक उघडत नाही याचं खापर मी कापडावर फोडणार नाही, निदान सगळं नाही. आमच्या पार्लरमध्ये रॅक लावणारा मुलगा त्रिकोण उचलतो तेव्हा दुसऱ्या रांगेत फट दिसते. वाकून बघितलं तर उजेड आरपार. फट असली की धक्का पुढे नीट पोचत नाही, मग अमेरिकेचा पूल खेळाडू शेन व्हॅन बोएनिंगचा क्यू हातात दिला तरी बॉल तिथेच.

वास्को_नाईन

त्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो. 2022 मध्ये मिल्टन कीन्सला तो नाईन-बॉलचा विश्वविजेता झाला, आणि त्याच्या ब्रेकचा दबदबा सगळीकडे. त्याला ब्रेक मारताना नीट पाहा. मारल्यावर व्हाइट टेबलाच्या मधोमध येऊन थांबतो. आणि शेनसुद्धा खेळायच्या क्यूने ब्रेक मारत नाही, ब्रेकला दुसराच काढतो.

केपेकर

तो दिवसाचे तास न् तास ब्रेकच मारतो. आपण तासाला पैसे मोजून खेळतो, त्यात ब्रेकचा सराव कोण करतं? मी तर आजवर कुणाला पाहिलं नाही. नऊ हजारांत टेबलाचे किती तास येतील, ते आधी बघा.

डिचोलीवाला

हे मनाला लागलं, म्हणून परवा सकाळी पार्लर रिकामं असताना गेलो. मित्राचा ब्रेक क्यू मागून घेतला. वीस ब्रेक त्याने, वीस माझ्या क्यूने. प्रत्येक रॅक स्वतः लावला, पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर, फट राहू दिली नाही. माझ्या क्यूने अकरा वेळा काहीतरी पॉट झालं, त्याच्याने बारा वेळा. एवढ्यावरून काही ठरत नाही हे मला कळतं. पण माझ्या क्यूने व्हाइट पाच वेळा पॉकेटमध्ये गेला, त्याच्याने दोनदा. आणि शेवटी माझी टिप हाताने चाचपली तर कड एका बाजूला बोटाला लागत होती. सकाळी नव्हती.

विकत घेण्याबद्दलचं मत अजून बदललेलं नाही. महिन्याला चार तास फक्त ब्रेक मारायचा, ते जमलं तरच घेईन. तोवर केपेकरांचा उपाय : भिंतीवरचा एकच सरळ क्यू निवडून त्यावर खूण करायची आणि टिप स्वतः बसवून घ्यायची. मालकाला विचारलंय, हो म्हणाला.

म्हापशाची_मी

कडक चामड्याची टिप माझ्याकडे एक जादा आहे. रविवारी आणते. चिकटवायच्या आधी फेरूलचा माथा सपाट घासून ठेवा, नाहीतर वास्कोकरांसारखं होईल.

वास्को_नाईन

रविवारी मीही येतो. पट्टी घेऊन या, रॅक मी लावतो.