मदत हवी आहे: फ्रेटबोर्ड काळा केला, आता बोटं काळी होताहेत

मंडळी, मी गिरगावात राहतो. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आहे, फ्रेटबोर्ड (मानेवरची, बोटं दाबायची पट्टी) शिसवी. वापरून वापरून फिकट, कोरडा दिसायला लागला होता. दिवाळीच्या सुट्टीत रिकामा बसलो होतो, आबनुसासारखा काळाभोर करायची हुक्की आली. तारा काढल्या, फ्रेटांवर, म्हणजे पट्टीवरच्या आडव्या धातूच्या कांड्यांवर, टेप चिकटवला आणि चामड्याला देतात तो स्पिरिटमधला काळा रंग कापडाने दोनदा पुसला. दिसायला झकास! तारा चढवून दहा मिनिटं वाजवलं, तर तर्जनी काळी. बायको म्हणाली, "मतदान करून आलास का?"

खालच्या मजल्यावरचे सुतारकाका म्हणतात, वरून चपड्याचं (लाखेचं) पॉलिश मार. पण इथल्या घामात ते बोटाखाली चिकट लागेल असं वाटतं. काय करू?

दुसरं, ठिपके, म्हणजे कितवा फ्रेट ते ओळखायच्या खुणा. क्लासिकल म्हणून समोर एकही नाही. भाचीची युकुलेले (चार तारांचं छोट्या गिटारसारखं वाद्य) बघून शिंपल्यासारखे स्टिकर लावले होते: फ्रेट ५, ७, १०. गिटारवर तो ठिपका ९ वर असतो हे नंतर कळलं. तोवर हाताला चुकीची सवय! पावसाळ्यात त्यांच्या कडा उचलल्या, काढून टाकले. आता खरे शिंपल्याचे बसवायचेत. फ्रेट न उपटता जमेल का?

प्रतिसाद १
चपडा अजिबात नको. तोही स्पिरिटमध्येच विरघळतो, त्यामुळे ब्रशाबरोबर तुमचा रंग वर येईल. स्पिरिटचं ओलं कापड फिरवत राहा, कापडाला रंग लागायचा थांबेपर्यंत. मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा. चपड्याऐवजी लॅकर (वरून मारायचं कडक, चकचकीत पॉलिश) मनात असेल, तर ते मेपल या फिकट लाकडाच्या फ्रेटबोर्डला देतात. शिसवीत स्वतःचं तेल असतं, तिच्यावर ते नीट धरत नाही. आणि तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

ठिपके जमतील. क्लासिकलचा बोर्ड सहसा सपाट असतो, हे तुमच्या पथ्यावरच. पण माझं ऐकाल तर समोर भोकं पाडूच नका. वरच्या कडेला, वाजवताना तुम्हाला दिसते तिथे, २ मिमीचे तीन ठिपके पुरतात. आधी टाकाऊ लाकडावर ड्रिलचा हात बसवा. शिंपला घासताना मास्क लावा, पाणी मारत घासा.

धागाकर्ता
आभार! कडेलाच करतो. ड्रिलचं बारीक पातं नागदेवीला, हत्यारांच्या बाजारात, मिळेल ना?