फाइलचं नाव जुळलं आणि डिझाइन उडालं: दोष कुणाचा?

जुळेसोलापूरकर
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या कॅटलॉगचं काम मी बघतो. फोटो लिनक्स सर्व्हरवर होते. त्यात मोराची दोन वेगवेगळी डिझाइनं होती. नाव एकच, फक्त एकाचा एम कॅपिटल, दुसऱ्याचा स्मॉल. लिनक्सच्या हिशेबी त्या दोन स्वतंत्र फाइली, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. सर्व्हर बदलताना सगळा फोल्डर ऑफिसातल्या विंडोज मशीनवर उतरवला. विंडोज नाव जसं दिलं तसं दाखवतं, पण फाइल ओळखताना कॅपिटल-स्मॉल बघत नाही. एक फाइल दुसरीवर बसली. कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने ना विचारलं, ना सांगितलं. जुना सर्व्हर पुसून झाल्यावर गिऱ्हाइकाने पहिला मोर मागितला, तेव्हा कळलं.

मालकांनी डिझाइन करणाऱ्या मुलीला धारेवर धरलं, ‘नाव नीट का दिलं नाहीस?’ मला हे अजिबात पटलेलं नाही. तिने नाव दिलं ते माणसाला समजावं म्हणून. दोन फाइली एकाच जागी येतायत हे प्रोग्रामला त्या क्षणी दिसत होतं. दिसूनही जो गप्प बसला, दोष त्याचा.

होटगीरोड_डेव्ह
मुलीला बोलणं चूक, यात वाद नाही. बाकी तुमचं म्हणणं मान्य नाही. फाइल एका मशीनवर तयार होते आणि दुसऱ्याच मशीनवर जाते. लिनक्स अक्षराचा आकार मानतं, विंडोज मानत नाही, मॅकही सहसा मानत नाही. यातलं कुठलंच चुकीचं वागत नाही. अगदी लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नेटफिल्टरच्या (नेटवर्कवरची ये-जा गाळणाऱ्या भागाच्या) काही फाइली फक्त लहान-मोठ्या अक्षरांनी वेगळ्या आहेत, आणि ते विंडोजवर उतरवायला गेलं की हीच गत होते. म्हणून नियम हवा. सगळी अक्षरं स्मॉल, मध्ये हायफन, स्पेस नाही, आणि डिझाइनला नंबर. कारखान्यात प्रत्येक गाठीवर नंबर असतोच की, मग फाइलवर का नको?

जुळेसोलापूरकर
कर्नलचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रोग्रामने 2018 साली 2.20 आवृत्तीत नेमकी हीच सोय केली. रेपो, म्हणजे कोडचा अख्खा फोल्डर, उतरवताना नावं आदळली तर कुठल्या फाइली आदळल्या त्यांची यादी समोर येते. म्हणजे हे जमण्यासारखं आहे. बाकीच्यांनी ते केलेलं नाही, एवढंच.

पायथनवाल्या_मॅडम
मी विजापूर रोडला मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. होटगीरोड दादा, तुमचा नियम शंभर टक्के पाळूनही पोरं अडकतात. सोडत काढायचा प्रोग्राम दिला की निम्मा वर्ग फाइलला ‘रँडम.पीवाय’ नाव देतो. सगळी अक्षरं स्मॉल, स्पेस नाही, नावही अर्थाला धरून. पण ‘इम्पोर्ट रँडम’ म्हटलं की पायथन आधी प्रोग्रामच्याच फोल्डरात शोधतं, तिथं ही फाइल सापडते आणि पायथनसोबत तयार येणारं खरं रँडम मॉड्यूल (कोडची फाइल) बाजूला राहतं. मग एरर येते की रँडममध्ये ‘रँडइंट’ ही आकडा काढून देणारी आज्ञा नाहीच! पोरगं पुस्तक उघडून बघतं, तिथं तर आहे. ते स्वतःच्या अकलेवर शंका घ्यायला लागतं, आणि हे बघवत नाही हो.

2024 मधल्या 3.13 आवृत्तीपासून तीच एरर पुढे सांगते की तुमच्या या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या (पायथनसोबतच येणाऱ्या) मॉड्यूलसारखं आहे, बदलून बघा. त्या एका ओळीने माझ्या वर्गातली रडारड थांबली. नियमांचा तक्ता भिंतीवर आधीही होता.

नवीपेठ_अकौंटंट
प्रोग्रामनं थांबावं म्हणताय, पण रात्री बॅकअप लावून आम्ही घरी जातो. पहिल्याच जुळलेल्या नावाला तो थांबला तर सकाळी अर्धाच बॅकअप हातात. एक डिझाइन गेलं तर दुःख होतं, पण जीएसटीची सगळी फाइल गेली तर धंदा बसतो. मला होटगीरोडवाल्यांचं पटतंय. एक्सेल बघा, एकाच नावाच्या दोन फाइली वेगळ्या फोल्डरात असल्या तरी एकत्र उघडू देत नाही. म्हणून आमच्याकडं प्रत्येक नावात पार्टी, महिना, वर्ष लावायची सवय लागली. सवयीनंच काम होतंय.

आणि विंडोजवर कंत्राटदारांच्या फोल्डरला इंग्रजीत ‘कॉन’ नाव देऊन बघा. देताच येत नाही. कॉन, प्रन, ऑक्स, नल ही नावं डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या सिस्टीमच्या) काळापासून यंत्राच्या भागांसाठी राखीव आहेत. हे माहीत असावंच लागतं.

जुळेसोलापूरकर
अण्णा, थांबायचं म्हणजे सगळं काम बंद करायचं असं नाही. जुळलेली फाइल वेगळ्या नावाने बाजूला ठेवा, पुढे चला, सकाळी यादी द्या. बॅकअपही पुरा होतो आणि मोरही वाचतो.

दयानिधी_टायपिंग
होटगीरोडवाले, तुमच्या नियमात मराठी नावाला जागाच नाही. आमच्याकडे ‘व्यापाऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरात शेजारी दिसायच्या. अक्षर न अक्षर सारखं. एकीत बदल केले की दुसरी जुनीच राहायची, आणि प्रिंट हमखास जुनीची निघायची. कारण निघालं ते ‘ऱ्या’मध्ये. युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ऱ हे एक अखंड अक्षर म्हणून साठवता येतं, किंवा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असे दोन तुकडे करूनही. जुन्या मॅकची डिस्क नाव साठवतानाच असे तुकडे करायची. तिथून आलेली फाइल विंडोजने नवी समजून शेजारी ठेवली. डोळ्याला न दिसणाऱ्या फरकासाठी टायपिस्टने कुठली शिस्त पाळायची, ते सांगा.

होटगीरोड_डेव्ह
इथं शिस्त चालणार नाही, मान्य. अपलोड होतानाच नाव एका रूपात आणलं पाहिजे, आणि ते काम प्रोग्रामरचंच. शेतकरी, व्यापारी, कर्मचारी, कुठल्याही यादीत हा ऱ येणार. पण म्हणून नंबरची पद्धत सोडू नका. कॅटलॉगवाले, तुमच्या सर्व्हरवर फाइलला नंबर असता आणि ‘मोर’ हे नाव डेटाबेसमध्ये असतं, तर दोन्ही डिझाइनं आज हातात असती.

जुळेसोलापूरकर
ते करणार आहे. पण नंबर सिस्टीमने द्यायचा, मुलीने वहीत बघून टाकायचा नाही. हाताने टाकलेला नंबरही दोनदा पडतो, मग पुन्हा बोलणी तिलाच. शिवाय जुन्या फाइलींची सगळी नावं स्मॉल करून, ऱ एका रूपात आणून, दुहेरी निघतात का हे तपासल्याशिवाय एकही फोल्डर हलवायचा नाही असं मालकांना लिहून दिलंय.

होटगीरोड_डेव्ह
त्याच कागदावर नाव देण्याचे नियमही लिहा. तिथं मी मागे हटणार नाही.