नाव बदललं, स्पर्धा एकच

दक्षिण कोरियातल्या महिला गोल्फबद्दल कुणीतरी 2002 ची नाइन ब्रिजेस आणि 2018 ची केईबी हाना बँक या दोन वेगळ्या स्पर्धा धरल्यात. तसं नाही. प्रायोजक बदलला की पाटी बदलते, इतकंच. जेजू बेटावर सुरू झालेली ही एलपीजीएची (अमेरिकेतली महिला व्यावसायिक गोल्फ टूर) स्पर्धा 2006 मध्ये ग्योंगजूला गेली आणि पुढे इंचॉनच्या स्काय 72 या गोल्फ मैदानावर स्थिरावली. पहिली विजेती पाक से-री.

विजेत्यांच्या यादीतली खरी गंमत पुढच्या नावांत आहे. आन शी-ह्यून (2003), ली जी-यंग (2005), होंग जिन-जू (2006), पेक क्यू-जंग (2014), को जिन-यंग (2017): जिंकताना यांच्यापैकी एकीकडेही एलपीजीएचं सदस्यत्व नव्हतं. घरच्या केएलपीजीए, म्हणजे कोरियन महिला टूरवरून आल्या, आणि बिगरसदस्य जिंकली की सदस्यत्व घेता येतं, म्हणून पात्रता फेरी न खेळता थेट अमेरिकेला. पेक तर तिघींच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात जिंकून गेली; हरलेल्यांत छन इन-जी होती, जिने 2018 मध्ये हीच स्पर्धा मारली.

2007 ला मात्र तारांकन हवंच. वाऱ्यामुळे तिसरी फेरी रद्द झाली आणि 54 ऐवजी 36 होलवरच सुझान पेटरसन विजेती ठरली. त्यामुळे त्या वर्षीचा एकूण स्कोअर इतर वर्षांशी ताडून बघू नका.

आणि 2019 पासूनची हाना फायनान्शियल ग्रुप चॅम्पियनशिप ही केएलपीजीएची, ती या यादीत मिसळू नका. घोळ व्हायला कारणही आहे म्हणा: त्या ऑक्टोबरात जांग हा-ना ती जिंकली आणि तीनच आठवड्यांत बुसानची बीएमडब्ल्यू लेडीज ही एलपीजीएची स्पर्धासुद्धा.