समुद्र वर येतोय की शहरं खाली जाताहेत?

चौकस: जकार्ता बुडतंय म्हणून इंडोनेशियाने २०१९मध्ये राजधानी बोर्निओ बेटावर हलवायचं जाहीर केलं. बातम्यांमध्ये सगळा दोष वाढत्या समुद्रपातळीला. पण ती वर्षाला चारेक मिलीमीटर वाढते ना? तेवढ्याने राजधानी हलवावी लागते? हिशेब जुळत नाही. जाणकारांनी सांगावं.

खोलपाया: मोठा आकडा समुद्राचा नाहीच, जमिनीचा आहे. उत्तर जकार्तातले काही भाग एकेका वर्षात वीस सेंटीमीटरहून जास्त खचलेत. माझी सगळी नोकरी इमारतींच्या पायांच्या कामात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चिकणमातीच्या कणांमधलं पाणी वरच्या भाराचा काही वाटा पेलत असतं. खालच्या वाळूच्या थरातून बोअरने उपसा सुरू झाला की मातीतलं पाणी हळूहळू तिकडे झिरपतं, भार कणांवर येतो आणि थर दबतो. नंतर पाणी परत भरलं तरी दबलेली माती पहिल्यासारखी फुगत नाही. म्हणजे खचणं थांबवता येतं, पण गेलेली उंची गेलीच. (गटारांचे उतारही बिघडतात, मग पावसाचं पाणी पंपाने बाहेर काढत बसायचं. याबद्दल फार कमी बोललं जातं.)

मेक्सिको सिटी बघा. समुद्र कुठच्या कुठे, उंची २,२०० मीटरच्या वर, तरी खचतेय. कारण ती जुन्या तेश्कोको तलावाच्या गाळावर वसलीय. तिथला १९१०चा स्वातंत्र्यस्तंभ जागेवर राहिला, भोवतालचा रस्ता खाली गेला, आणि चौथऱ्याला १४ पायऱ्या जोडाव्या लागल्या. १९८५च्या भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरवर होतं, पण याच मऊ गाळाने हादरे कितीतरी पट वाढवले. हजारो माणसं गेली.

वाटसरू: मग बोअरवर बंदी घाला, प्रश्न मिटला!

खोलपाया: नुसत्या बंदीने नाही मिटत. तोक्योच्या पूर्व भागात जमीन काही ठिकाणी चार मीटरहून जास्त खचली होती. १९५६ आणि १९६२च्या कायद्यांनी उपशावर निर्बंध आले, पण सोबत कारखान्यांना वेगळी नळयोजनाही दिली गेली. सत्तरच्या दशकात खचणं बरंचसं आटोक्यात आलं. पुढे भूजल इतकं चढलं, की उएनोचं भुयारी स्थानक पाण्याच्या दाबाने उचललं जाऊ नये म्हणून ते खालच्या जमिनीला जखडावं लागलं. जकार्तात अजून घराघरात नळ नाही. ज्याच्याकडे नळ नाही, तो बोअर कसा सोडेल?

चौकस: पण ते समुद्राकडेला भिंत बांधताहेत ना?

खोलपाया: बांधताहेत, आणि भिंतीखालची जमीनही खचतेय. भिंत लागेलच, नाकारत नाही. पण पैसा आधी कुठे घालायचा असं मला विचाराल, तर नळाच्या पाण्यात. उपसा चालू राहिला तर दर काही वर्षांनी त्याच भिंतीची उंची वाढवत बसावं लागेल.