दहा पेटांत भागतं म्हणे! दारात पंधरा मागतात, तिथे काय सांगणार?

गंगापूररोडकर
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात पेट, म्हणजे छोटे प्राणी, गोळा करून तीन-तीनच्या टीमने लढवता येतात; 25 ही त्यांची शेवटची लेव्हल. परवा आपल्या नाशिकच्या ग्रुपवर सिडको_शिलेदारने लिहिलं: "वॉरक्राफ्टमध्ये दहा तगडे पेट 25 ला न्या आणि गप्प बसा. शेकडो पेट गोळा करणं म्हणजे भंगाराची हातगाडी ओढणं." खाली अंगठ्यांची रांग लागली. नवीन पोरं तेवढं वाचून जर्नलमधले (आपल्या पेटांच्या यादीतले) निम्मे पेट सोडून द्यायला निघालीत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

शिलेदार, तुझी यादी मी नीट वाचली. झंडालारी अँकलरेंडर, अनुबिसाथ आयडॉल, क्रोमिनियस, अनबॉर्न वाल्किर. सगळे माझ्याकडे आहेत आणि सगळे उत्तम आहेत. माझं भांडण 'तगडा' या शब्दाशी आहे. तगडा, पण कुणासमोर?

अँकलरेंडरचंच घे. आधी ब्लॅक क्लॉ ही चाल, मग हंटिंग पार्टी, आणि समोरचा साफ. हे सगळ्यांना पाठ आहे. पण तो बीस्ट कुळातला (पेटांची अशी दहा कुळं आहेत), आणि समोर मेकॅनिकल कुळाचा आला तर? त्याचा फटका बीस्टला दीडपट बसतो. शिवाय तो मेला तरी 20 टक्के जीव घेऊन एकदा परत उठतो, आणि तोवर तुझी हंटिंग पार्टी खर्च झालेली असते. समोर फ्लाइंग असला तर तुझ्या चाव्याचा एक तृतीयांश जोर तिथेच गेला. पेट तोच, लेव्हल तीच, तरी तो तगडा उरत नाही.

आता दहाचा हिशोब. सेलेस्टियल टूर्नामेंट ही खेळातली पेटांची स्पर्धा 2013 पासून आहे. टाइमलेस आयल या बेटावर आत जायलाच 25 लेव्हलचे पंधरा पेट लागतात. म्हणजे तुझे दहा घेऊन गेलेला माणूस दारातूनच परत. आत तीन मास्तर (पेट लढवणारे ट्रेनर), त्यानंतर चार सेलेस्टियल (दैवी प्राणी), आणि मध्ये कुठेही मलमपट्टी नाही. पहिल्या लढाईत मेलेला पेट सातव्या लढाईपर्यंत मेलेलाच. लीजन या विस्तारातल्या फॅमिली फॅमिलियर या अचीव्हमेंटला तर एकाच कुळाचे तिन्ही पेट लागतात, तेही दहाच्या दहा कुळांत. तीस पेट तिथेच झाले.

आपल्याकडचा द्राक्षवाला सगळी बाग एकाच जातीची लावत नाही. एका पावसात सगळं जाईल हे त्याला कळतं. मग आपल्याला का कळू नये?

सिडको_शिलेदार
माझं नाव घेऊन लिहिलंस ते बरं केलंस, आता माझंही ऐक.

मी अंबडला शिफ्टमध्ये आहे. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट. रेड (टोळीने एकत्र लढायची मोठी लढाई) करायला माझ्याकडे ना वेळ ना नेट. युरोपच्या सर्व्हरवर पिंग (सिग्नल पोचायचा वेळ) इतका, की जमिनीवर आग दिसेपर्यंत मी मेलेला असतो. पेट बॅटलकडे मी वळलो ते एवढ्याचसाठी. पाळीपाळीने खेळायचं, बटण दाबायला दोन सेकंद उशीर झाला तरी ट्रेनर थांबतो. मध्येच मुलीने हाक मारली तर उठून जाता येतं. माझ्यासारख्याला या खेळात बरोबरीने उभं राहता येईल अशी तेवढीच एक जागा आहे.

आणि तिथेही तुम्ही लोक येऊन सांगणार, पाचशे नाहीत तर तू खेळाडूच नाहीस? मला रविवारचे दोन तास मिळतात. त्यात एक पेट 25 ला नेऊ की तिसऱ्या जातीचा उंदीर पकडत फिरू? मी लिहिलं ते माझ्यासारख्यांसाठी लिहिलं. पंधराचा मुद्दा बरोबर आहे, दहाच्या जागी पंधरा वाचा. बाकी एक शब्द मागे घेत नाही.

पंचवटीची_ताई
दोघंही फक्त जिंकण्याचंच बोलताय. मी कधी कुणाला हरवायला पेट धरला नाही.

खेळातल्या विंटरस्प्रिंग या बर्फाळ भागातलं स्नोवी आउल फक्त हिवाळ्यात दिसतं, खेळातल्या नव्हे, आपल्या कॅलेंडरच्या हिवाळ्यात. एका जानेवारीत मुलगा आणि मी तीन रात्री त्याच्या मागे होतो. घराच्या खिडक्या बंद, शेगडीवर चहा, आणि पडद्यावरही बर्फ. दोन रात्री राखाडी नाही तर पांढरंच, म्हणजे कमी दर्जाचं निघालं. तिसऱ्या रात्री निळं, म्हणजे वरच्या दर्जाचं आलं. जीव 35 टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय सापळा चालत नाही, म्हणून मुलाने सगळ्यात हलका फटका निवडला. तोच क्रिटिकल (जास्तीच्या जोराने) लागला आणि घुबड मेलं. पोरगं काही बोललं नाही, उठून झोपायला गेलं. मी पहाटेपर्यंत बसले आणि दुसरं निळं पकडलं. सकाळी त्याने लॉगिन करून पाहिलं तेव्हाचा त्याचा चेहरा मला आजही आठवतो. आता तो बाहेरगावी शिकायला आहे. त्या घुबडाला मी आजवर एकाही लढाईत उतरवलेलं नाही. याला कुणी भंगार म्हटलं तर मला राग येणार.

आणि दुसरं. हल्ली सगळे रीमॅचमध्ये (टीम साठवायच्या अ‍ॅडऑनमध्ये) तयार टीम टाकतात, कुठली चाल कधी तेही कॉपी करतात. त्यात तुम्ही काय खेळलात? खरा वाद यावर व्हायला हवा.

निफाडची_थंडी
पेटांचं तुमचं चालू द्या, पण गंगापूररोडकर दादा, द्राक्षाबद्दल जे लिहिलं ते साफ चूक आहे. बागेत कधी पाय ठेवलाय का भो?

आमची साडेतीन एकर आहे. सगळी थॉमसन जात, डॉगरिजच्या खुंटावर (मुळाच्या रोपावर) कलम केलेली. माझ्या चुलत्याने तुमच्यासारखाच विचार केला होता. एक एकर थॉमसन, एक सोनाका, एक शरद, अर्धा क्रिमसन. काय झालं? प्रत्येकाचं डिपिंग (घड औषधात बुडवणं) वेगळं, फवारणीचं वेळापत्रक वेगळं, काढणी वेगळी. मजुरांची टोळी एका जातीसाठी बोलवायची, दुसऱ्या जातीसाठी पुन्हा हात जोडायचे. व्यापारी आला तर म्हणतो, एवढ्याशा मालाला गाडी कुठे लावू? तीन वर्षांत वैतागला आणि सगळं थॉमसनवर आणलं. नवी बाग धरायची म्हणजे हाताला माल लागायला दोन वर्षं जातात. ते काही तुमचं पेट बदलण्याचं बटण नाही.

गंगापूररोडकर
दादा, बागेत पाय ठेवलाय. माझं आजोळ पिंपळगावकडचं. दिवाळीच्या आसपास अवकाळी आला आणि फुलोऱ्यातल्या बागेत डाउनी (बुरशीचा रोग) शिरला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मामा रात्री बॅटरी घेऊन ओळीओळीने फिरायचे आणि पानं उलटून बघायचे. एकच जात होती, सगळी एकाच अवस्थेत, म्हणून सगळीच गेली. तुमचा चुलता वैतागला म्हणून तत्त्व चुकीचं ठरत नाही.

निफाडची_थंडी
डाउनी जात बघून येत नाही! सोनाका असता तरी गेलाच असता, शरद असता तरी गेला असता. थॉमसनला येतो आणि बाकीच्यांना सोडतो असं तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्या मामांचं नुकसान झालं याचं वाईट वाटतं. घरात तसं वर्ष काय असतं ते मला कुणी सांगायला नको. पण त्याचं कारण जात नव्हती. सगळ्या बागेची छाटणी एकाच आठवड्यात घेतली हे होतं. कॉलेज रोडला एसीत बसून शेतकऱ्याचे दाखले देणं बंद करा.

गंगापूररोडकर
मी गंगापूर रोडला राहतो, कॉलेज रोडला नाही, आणि माझ्याकडे एसी नाही. माणसावर जाऊ नका, मुद्द्यावर बोला. छाटणीचं काय म्हणताय ते नीट सांगा.

सिडको_शिलेदार
धागा पेटांचा होता. कुणाच्या लक्षात आहे का?

निफाडची_थंडी
सांगतो. शिलेदार भाऊ, दोन मिनिटं दम धरा, हे तुमच्याही कामाचं आहे.

साडेतीन एकराचे आम्ही चार प्लॉट केलेत. जात एकच. पण गोडी छाटणी (फळासाठीची) एकदम घेत नाही. पहिला प्लॉट सप्टेंबरच्या शेवटी, बाकीचे ऑक्टोबरभर दहा-बारा दिवसांच्या अंतराने. मग पाऊस आला की एक प्लॉट फुलोऱ्यात सापडतो, दुसऱ्याची नुसती पोंग्याची (डोळे फुटायची) अवस्था असते, तिसऱ्यात मणी धरलेले असतात. फुलोऱ्यातल्या प्लॉटला फटका बसतो, बाकीचे वाचवता येतात. औषध तेच, मजूर तेच, व्यापारी तोच. धोका विभागला जातो तो छाटणीच्या तारखेने. सटाण्याकडचे आगाप (लवकर माल घेणारे) वाले तर याच्याही बरंच आधी छाटतात, त्यांचं गणित आणखी निराळं. एप्रिलच्या खरड छाटणीचं तर मी अजून काढलंच नाही, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

देवळाली_कॅम्प_दहावी
काका, हे माहीत नव्हतं. आमच्या घरामागे बाग आहे, ते तुकड्यातुकड्याने का छाटतात ते आज कळलं. पण ताईंना विचारायचं होतं. रीमॅचमध्ये टीम टाकणं चूक कसं? गणिताचं गाइड वापरतोच ना आपण.

पंचवटीची_ताई
बाळा, गाइड बघून गणित सोडवणं वेगळं आणि उत्तर उतरवून काढणं वेगळं. तयार टीममधला एक पेट तुझ्याकडे नसला की तू अडकतोस. का जिंकत होतास हेच माहीत नसतं, मग बदली कुणाला घालणार? आधी दहा कुळांचा तक्ता पाठ कर. ड्रॅगनकिनने मॅजिकला मारायचं, अंडेडसमोर त्याला न्यायचं नाही. क्रिटर अंडेडला झोडतो. एवढं अंगात मुरलं की मग रीमॅच खुशाल वापर.

गंगापूररोडकर
निफाडकर दादा, तुमचा छाटणीचा मुद्दा दोनदा वाचला. मामांना आत्ता फोन केला. ते म्हणाले, त्या वर्षी मजूर मिळाले तसं चार दिवसांत सगळं छाटून टाकलं होतं. म्हणजे तुमचं खरं आहे, जातीचा दाखला मी चुकीचा दिला. ते वाक्य मागे घेतो. एसीचं तुम्ही मागे घ्या.

आणि तुम्ही जे सांगितलंत, नेमकं तेच पेटांच्या ब्रीडमध्ये (आकड्यांच्या वाटणीत) आहे. शिलेदार, इथे लक्ष दे. एकाच जातीचे तीन पेट ठेवता येतात, तिन्ही निळे, तिन्ही 25. तरी एक पी-पी, त्याची ताकद जास्त. एक एस-एस, तो आधी चाल करतो. एक एच-एच, तो मार खाऊन टिकतो. नाव तेच, चाली त्याच, पण समोरच्यापेक्षा तुझी गती एका अंकाने कमी पडली की फटका आधी त्याचा बसतो आणि सगळा डाव फिरतो. बॅटल-स्टोन या वस्तूने हिरव्याचा (एक पायरी खालचा) निळा होतो, ब्रीड मात्र बदलत नाही. पकडतानाच बघायला लागतं. म्हणून जर्नलमध्ये एकच नाव तीनदा दिसलं की लोक दोन सोडून देतात, तेव्हा माझा जीव तुटतो. तो तुमचा दुसऱ्या तारखेला छाटलेला प्लॉट आहे.

निफाडची_थंडी
एसीचं मागे घेतलं. कॉलेज रोडचंही.

सिडको_शिलेदार
ब्रीडचं मी कधी बघितलंच नव्हतं. लेव्हल आणि रंग बघायचो, बास. आत्ता जर्नल उघडून पाहिलं तर माझी दोन वाल्किर निघाली, दोघींचे आकडे वेगळे. मंद असलेली मी गेले वर्षभर आधी उतरवतोय.

तरीही माझं म्हणणं कायम आहे. नवीन पोराला पहिल्याच दिवशी 'सगळं गोळा कर' सांगितलं तर ते आठवड्यात सोडून जाईल. आधी पंधरा, तेही कुळं बघून निवडलेले. हंगामी पेटांच्या मागे त्याने इतक्यात धावू नये.

पंचवटीची_ताई
हंगामी पेट हंगामातच मिळतात. खेळातल्या सिलिथसमधलं किराजी गार्डलिंग फक्त उन्हाळ्यात येतं, जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत. आपल्याकडे गोदेला पूर असतो तेव्हा. एकदा चुकलं की वर्ष गेलं. म्हणून शिलेदार भाऊ, पंधराच्या आधी पळू नये हे मान्य, पण तारीख मात्र त्याच्या वहीत लिहून ठेवा.

सिडको_शिलेदार
तारीख लिहून ठेवायला हरकत नाही.

गंगापूररोडकर, माझ्या पंधरात मेकॅनिकल एकच आहे. बीस्टचा मास्तर आला की तो मेल्यावर माझं पुढे काहीच चालत नाही. दुसरा कुठला घेऊ ते सांग. लिलावातला महाग नको, जंगलात पकडता येईल असा. येत्या रविवारी सेकंड शिफ्ट संपून सुट्टी आहे, सकाळी नऊ ते अकरा मोकळा आहे.

गंगापूररोडकर
नऊला ऑनलाइन ये. तुझे पंधराही बघू, पहिल्यांदा त्या वाल्किरची अदलाबदल करू.