चर्चा: डिजिटल प्रशिक्षण नोकरी जाण्यापूर्वीच द्यायला हवे

धागालेखक:
कारखाना बंद पडल्यावर कामगाराला संगणकाच्या वर्गात बसवणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला. अमेरिकेत परदेशी स्पर्धेची झळ बसलेल्या कामगारांसाठी १९६२ पासून साहाय्य योजना होती. तिचा भर मुख्यतः नोकरी गेल्यानंतरच्या मदतीवर राहिला आणि मुदतवाढ न मिळाल्याने २०२२ मध्ये नव्या अर्जदारांसाठी ती बंद झाली. याउलट सिंगापूरने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्किल्सफ्युचर’ योजनेत पंचविशी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला, तो नोकरीत असो वा नसो, प्रशिक्षणासाठी ५०० सिंगापूर डॉलर दिले. मात्र दिवसभर राबून आलेल्या माणसाकडे शिकण्याची ताकद उरत नाही, म्हणून हे शिक्षण पगारी वेळेतच झाले पाहिजे.

पहिला प्रतिसाद:
असहमत. शिकवलेला माणूस उद्या प्रतिस्पर्ध्याकडे जाणार असेल, तर लहान उद्योजकाने हा खर्च का करावा? शिवाय मागणीच नसेल तर कौशल्य प्रमाणपत्रापुरते उरते. एस्टोनियाने १९९६ मध्ये शाळांत संगणक व इंटरनेट पोहोचवण्याचा कार्यक्रम जाहीर केला खरा, पण २००० पासून करविवरणपत्रेही ऑनलाइन घेतली, म्हणजे शिकलेले वापरायला कारण दिले. आधी नवोन्मेष, मग प्रशिक्षण.

दुसरा प्रतिसाद:
हा क्रम मला पटत नाही. साध्या लेथवर (धातू फिरवत कापण्याच्या यंत्रावर) मुरलेला टर्नर कापाचा आवाज ऐकून हत्यार बोथट झाल्याचे ओळखतो. त्याला सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, यंत्राचा प्रोग्रॅम वाचायला आणि ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) भरायला शिकवले, तर चूक स्क्रीनवर दिसण्याआधीच तो यंत्र थांबवेल. असा माणूस घालवून केवळ बटणे जाणणारा नवखा आणला, तर नवोन्मेष येणार तरी कुठून?

धागालेखक:
प्रतिस्पर्ध्याच्या भीतीवर उपाय आहे. फ्रान्सने १९७१ च्या कायद्याने कामगार-प्रशिक्षणासाठी वाटा उचलणे मालकांना बंधनकारक केले. सिंगापूरमध्येही १९७९ पासून मालकांकडून कौशल्य-उपकर घेतला जातो. सगळेच भरतात, तेव्हा माणूस कोणाकडेही गेला तरी शिकवणारा एकटा बुडत नाही.

पहिला प्रतिसाद:
उपकर मला मान्य आहे, पण त्यातला मोठा वाटा बड्या कंपन्यांच्या व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणावर खर्च होण्याचा धोका आहे. पाच कामगारांच्या कारखान्यातला एक वर्गात गेला, तर त्याच्या यंत्रावर कोण उभे राहणार? त्या बदली माणसाचा पगार निधीतून देण्याची तरतूद असेल, तरच मी या प्रस्तावाच्या बाजूने मत देईन.