चीनमध्ये माल बनवून घेताना आपली रचना कशी जपावी?

प्रश्न (भोसरीकर):
शेतपंप मोबाइलवरून चालू-बंद करणारा स्टार्टर आमचा छोटा कारखाना बनवतो. त्याची प्लॅस्टिकची पेटी आणि सर्किट बोर्ड आम्ही शेन्झेनमधील एकाच पुरवठादाराकडून घेत होतो. गेल्या हंगामात हुबेहूब तसाच स्टार्टर दुसऱ्या नावाने बाजारात आला. उघडून पाहिला, तर झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात आमच्याच साच्याचा ओरखडा उमटलेला होता. करारात गोपनीयतेचे कलम होते, न्यायालय मात्र पुण्याचे लिहिले होते. मोठ्या परदेशी कंपन्या तिथे आपले ज्ञान कसे जपतात?

उत्तर १:
न्यायालय पुण्याचे लिहिले तिथेच करार लंगडा झाला, कारण पुरवठादाराची मालमत्ता आणि तुमचा साचा दोन्ही चीनमध्ये आहेत आणि इथला निकाल तिथे बजावून घेणे फार कठीण आहे. जाणत्या कंपन्या करार चिनी भाषेत, चिनी कायद्याखाली आणि पुरवठादाराच्या गावच्या न्यायालयाच्या कक्षेत करतात. त्यात माहिती फोडणार नाही एवढ्यावर न थांबता, ती स्वतः वापरणार नाही आणि आम्हाला टाळून आमच्या ग्राहकाला माल विकणार नाही, हेही लिहून घेतात, साच्याची मालकी नमूद करतात आणि प्रत्येक उल्लंघनाची रक्कम आधीच ठरवतात.

त्याहीआधी नाव नोंदवावे. तिथे व्यापारचिन्ह साधारणपणे जो आधी अर्ज करील त्याचे होते. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांनी आपल्या नावाच्या, तिथल्या एका कंपनीने आधीच नोंदवून ठेवलेल्या ‘छ्याओदान’ या चिनी रूपासाठी २०१२ मध्ये लढा सुरू केला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला डिसेंबर २०१६ उजाडला, आणि तोही फक्त चिनी अक्षरांपुरता, रोमन लिपीतल्या रूपावरचा हक्क मिळाला नाहीच. नोंदलेले चिन्ह चिनी सीमाशुल्क खात्याकडे दाखल केले, तर निर्यातीचा मालही बंदरात अडवता येतो. ही सोय आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

उत्तर २:
कागद हवेतच, पण माझा भर कामाच्या वाटणीवर राहील. पेटी एकाकडे, बोर्ड दुसऱ्याकडे, आणि चिपमध्ये फर्मवेअर, म्हणजे स्टार्टर चालवणारी आज्ञावली, भरण्याचे काम भोसरीतच ठेवा. चिपमधला कोड वाचता येऊ नये यासाठीचे कुलूप लावायला विसरू नका. ते अभेद्य नसते, पण नक्कल महाग करते.

उत्तर ३:
वरच्या उपायांत माणूस राहून गेला. अमेरिकन सुपरकंडक्टर ही कंपनी सिनोव्हेल या चिनी पवनचक्की उत्पादकाला नियंत्रणप्रणाली पुरवत असे आणि त्या प्रणालीचा सोर्स कोड, म्हणजे आज्ञावलीचा वाचता येणारा मूळ मजकूर, तिने चीनबाहेर राखला होता. २०११ मध्ये तो फुटला, तो ऑस्ट्रियातील क्लागेनफर्ट इथल्या तिच्याच अभियंत्याकडून. अमेरिकेतील ज्युरीने जानेवारी २०१८ मध्ये सिनोव्हेलला दोषी ठरवले, त्याच वर्षी ५ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोडही झाली. पण तोवर कंपनीतील सुमारे ७०० नोकऱ्या गेल्या होत्या. तुमच्या फर्मवेअरची फाइल कोणाकोणाकडे आहे?

भोसरीकर:
तिघांच्या लॅपटॉपवर आहे, हे आज मोजले. व्यापारचिन्हाचा अर्ज याच आठवड्यात करतो. साच्याच्या मालकीबद्दल जुन्या करारात अवाक्षर नाही, त्यामुळे नवा साचा इथेच करून घ्यावा लागेल असे दिसते.